गोलंदाजीचा सराव: नेटमध्ये जाण्याआधी काय करायचं आणि पैसे कशावर घालायचे

संध्याकाळी कुठल्याही मैदानावर नेटमागे दहा मिनिटं उभं राहून बघा. एक फलंदाज, सहा-सात गोलंदाज. प्रत्येकाच्या हातात वेगळा चेंडू, कुणाचा कोरा करकरीत, कुणाचा शिवण उसवलेला. एकाचा चेंडू सुटतो न सुटतो तोच दुसऱ्याने धावायला सुरुवात केलेली असते. पुढचा पाय क्रीजच्या वीतभर पुढे पडतोय, पण नो-बॉल द्यायला पंच नाही. फलंदाजाची शेवटची पाच मिनिटं उरली की तो नुसता दांडपट्टा फिरवतो. तासाभराने सगळे घामाघूम, ‘आज मस्त बॉलिंग झाली’ म्हणत किट आवरायला लागतात. सराव झाला फलंदाजाचा. गोलंदाजांचा झाला व्यायाम.

गोलंदाजाचा कामाचा सराव बराचसा फलंदाजाशिवाय होतो, हे इथे आधीच सांगून टाकतो. नाशिकचे बापू नाडकर्णी खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा पाडायचा सराव करत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. बळी मात्र एकही नाही, तेव्हा अचूकपणा म्हणजे सगळं काही नव्हे. पण अचूकपणा नसेल तर स्विंग, वेग, गुगली यांचा उपयोग समोरच्या संघालाच जास्त होतो.

हा लेख शाळेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींपासून क्लबच्या गोलंदाजापर्यंत, लेदरच्या चेंडूने खेळणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. वेगवान आणि फिरकी दोन्ही.

आधी जागा मोजा

पावलांनी मोजलेल्या खेळपट्टीवर केलेला टप्प्याचा सराव वाया जातो. उंच मुलाची बावीस पावलं आणि बुटक्याची बावीस पावलं यांत सहज दोन-तीन मीटरचा फरक पडतो, आणि दोन मीटर म्हणजे गुड लेंथ (चांगला टप्पा) आणि हाफव्हॉली (टप्पा पडता पडताच बॅटवर येणारा, मारायला सोपा चेंडू) यांच्यातलं अंतर.

खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर. पॉपिंग क्रीज, म्हणजे स्टंपच्या पुढची आडवी रेघ, स्टंपपासून १.२२ मीटरवर. म्हणजे या क्रीजपासून त्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर उरतात आणि चेंडूला प्रत्यक्षात साधारण तेवढाच प्रवास असतो. दर वेळी मेजपट्टी काढायचा कंटाळा येतो, म्हणून एक दोरी तयार करून ठेवा. न ताणली जाणारी, जाडसर. फलंदाजाकडचं टोक शून्य धरा आणि १.२२, ४, ६, ८ आणि १८.९० मीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. शेवटचं टोक २०.१२ वर. मैदानात पोचलं की दोरी अंथरायची, चिकटपट्टीच्या जागी चुन्याच्या रेघा मारायच्या आणि दोरी गुंडाळून ठेवायची. दोन मिनिटांत क्रीजही आखली जाते आणि टप्प्याच्या खुणाही. १८.९० ची खूण म्हणजे तुमची पॉपिंग क्रीज.

लहान मुलांसाठी खेळपट्टी आखूड करा. दहा वर्षांचं पोर २२ यार्डांवर चेंडू पोचवायला हात वर फेकतं, कंबर वाकडी करतं आणि तीच ॲक्शन पुढे अंगवळणी पडते. अठरा-एकोणीस यार्डांवर तोच मुलगा सरळ टाकतो.

जमीन कोणती, यावर सरावाचं स्वरूप ठरतं. सिमेंटच्या विकेटवर उसळी एकसारखी असते, त्यामुळे दिशा तपासायला ती उत्तम. पण पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यावर आणि कंबरेवर येतो आणि सिमेंट त्यातलं काहीच झेलत नाही. म्हणून नुसत्या सिमेंटवर पूर्ण वेगाने फार टाकू नका, निदान पाय पडतो तिथे तरी जाड रबरी मॅट टाका. मुरमावर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटवर चेंडू जास्त उसळतो आणि फिरकीला चांगली पकड मिळते. त्यावर शिकलेला मुलगा टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या विकेटवर, गेला की त्याचा टप्पा हमखास आखूड पडतो, कारण मॅटवर उसळीच्या जोरावर त्याचं निभावलेलं असतं. मॅटवर सराव असेल तर खुणा अर्धा मीटर पुढे, फलंदाजाकडे सरकवा. मॅट चारही बाजूंनी ताणून खिळे ठोकलेत ना, पाय पडतो तिथे सुरकुती नाही ना, हे बघितल्याशिवाय धावू नका.

विकेटच मिळत नसेल तर? सोसायटीच्या मागची भिंत चालते. भिंतीवर दोन-तीन गोणपाटं एकावर एक टांगायची, त्यावर खडूने स्टंप काढायचे आणि तीन पावलांच्या धावेवर टाकायचं. गोणपाटामुळे चेंडू फुटत नाही, परत अंगावर येत नाही आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रासही कमी होतो. मनगट, शिवण, डोकं सरळ ठेवणं, हे सगळं इथे शिकता येतं. वेग इथे शोधू नका.

रन-अप: मोजून, दर वेळी तेवढाच

नो-बॉल टाकणारे बहुतेक गोलंदाज ‘आज रन-अप जमत नाही’ म्हणतात. जमत नाही कारण तो मोजलेलाच नसतो. बूट घासून मारलेली खूण उद्या कुठे असते?

पद्धत सोपी आहे. क्रीजवर उभे राहा, फलंदाजाकडे पाठ, आणि मोकळ्या मैदानाच्या दिशेने धावत सुटा. विचार न करता, अंगात लय येईल तशी उडी घ्या आणि चेंडू टाकल्याची ॲक्शन करा. पुढचा पाय कुठे पडला तिथे मित्राने खूण करायची. असं आठ-दहा वेळा करा. खुणा एका ठिकाणी दाटलेल्या दिसतील, एखाद-दुसरी भरकटलेली असेल, ती सोडून द्या. दाटीच्या मध्यापासून क्रीजपर्यंतचं अंतर मेजपट्टीने मोजा आणि वहीत लिहा. तुमचा रन-अप तेवढा. अमुक गोलंदाज इतक्या लांबून येतो म्हणून आपणही लांबून यायचं, याला काही अर्थ नाही. शेवटच्या चार-पाच पावलांत जो वेग टिकवता येतो तेवढाच कामाचा.

मग क्रीजवर चुन्याची भुकटी पसरून, हातात चेंडू न घेता सहा वेळा पूर्ण धावून या. बुटाचा ठसा बघा. नियमाप्रमाणे पुढच्या पायाचा काही भाग, टेकलेला असो वा हवेत, पॉपिंग क्रीजच्या मागे हवा. मागचा पाय रिटर्न क्रीजच्या, म्हणजे बाजूच्या उभ्या रेघेच्या, आत हवा आणि तिला लागायला नको. ठसा रेघेला अगदी चिकटून येत असेल तर सुरुवात वीतभर मागून करा. सामन्यात जोर चढला की पावलं लांबतात. वाऱ्याच्या दिशेने पळताना लांबतात, वाऱ्याविरुद्ध आखडतात, उतारावर तर विचारूच नका. म्हणून दोन्ही टोकांकडून मोजून ठेवावं.

लक्ष्य, चौकट आणि वही

आता मुख्य काम. वेगवान गोलंदाजाचा चांगला टप्पा ढोबळमानाने फलंदाजाच्या स्टंपपासून सहा ते आठ मीटरवर, फिरकीचा चार ते पाच मीटरवर. हे आकडे म्हणजे देववाणी नाही. गोलंदाजाची उंची, वेग आणि विकेट पाहून ते पुढे-मागे होतात. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

वेगवान गोलंदाजाने सहा आणि आठ मीटरच्या रेघांमध्ये चौकट आखायची. रुंदी ऑफस्टंपच्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला फूटभर. फलंदाजाच्या जागी एकच स्टंप रोवायचा, ऑफस्टंपच्या जागेवर. तीन स्टंप रोवले की नजर मधल्यावर जाते आणि चेंडू पायावर जायला लागतात. चौकटीच्या कडांना पसरट रबरी चकत्या किंवा चुना पुरतो. बूट, विटा, बाटल्या ठेवू नका. त्यावर पडलेला चेंडू कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

सहा चेंडूंचं एक षटक. प्रत्येक चेंडूला दोन गुण: टप्पा चौकटीत पडला तर एक, चेंडू स्टंपला किंवा स्टंपपासून वीतभराच्या आत गेला तर एक. बारापैकी किती, ते षटक संपल्यावर लगेच वहीत लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहू नका. घरी पोचेपर्यंत प्रत्येकाची गोलंदाजी सुधारलेली असते.

सलग तीन-चार सत्रांत सहापैकी चार चेंडू चौकटीत पडायला लागले की चौकट अर्धी करा. मग वर्तमानपत्राच्या घडीएवढी. नाणं सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी नाणं ठेवलं तर सहा चेंडूंत एकदाही लागत नाही आणि मुलगा चौथ्या चेंडूपासून ॲक्शनशी खेळायला लागतो. तिथून पुढे जे शिकतो ते विसरायला मोसम जातो.

चुकलेले चेंडू कुठे चुकले याची नोंद, बरोबर पडलेल्यांपेक्षा जास्त बोलते. वहीत प्रत्येक चेंडूसाठी एक टिंब काढा. टिंबं चौकटीच्या सगळ्या बाजूंनी विखुरलेली असतील तर चेंडू सोडायची वेळ दर वेळी बदलतेय, आधी वेग कमी करून लय धरा. सगळी टिंबं एकाच बाजूला, समजा लेगकडे, झुकलेली असतील तर कारण बहुधा एकच असतं: डोकं ऑफसाइडला पडतं, किंवा पुढचा हात लवकर बाजूला निघून जातो. दुसऱ्या प्रकारचा गोलंदाज लवकर सुधारतो.

एकाच जागी टाकणं जमलं की मित्राला मागे उभं करा. तुम्ही धावायला लागल्यावर निम्म्या वाटेत त्याने ओरडायचं, ‘यॉर्कर!’ (थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा) किंवा ‘आखूड!’ किंवा ‘डावखुरा!’ डावखुऱ्यासाठी स्टंप दुसऱ्या बाजूला आहे असं समजून टाकायचं. सुरुवातीला गुण धाडकन पडतात. सामन्यात हेच होतं: फलंदाज बदलतो, कर्णधार फिल्ड बदलतो आणि चौकटीत डोळे मिटून टाकणारा गोलंदाज गोंधळतो.

एक सत्र कसं लावायचं

सव्वा तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं अंग गरम करण्यात घालवा: हलकं धावणं, कंबर-मांड्या मोकळ्या करणं, खांदे फिरवणं, दोन-तीन छोट्या दौडी. यात काटकसर करणारे तिसऱ्या षटकात मांडी धरून बसतात.

मग जागेवरून किंवा दोन पावलांवरून बारा चेंडू, जवळच्या मोठ्या लक्ष्यावर. इथे फक्त मनगट आणि शिवण बघायची. त्यानंतर चेंडूशिवाय चार-सहा पूर्ण रन-अप, चुन्यावर. मग पूर्ण धावेवर चार षटकं, चौकटीवर, गुण लिहून. दोन षटकांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, सामन्यात तुम्ही फाइन लेगला जाऊन उभे राहता तसे चालत जा, एखादा झेल घ्या, परत या. सलग चोवीस चेंडू धापा टाकत टाकले तर शेवटचे बारा दमलेल्या ॲक्शनचा सराव होतो. शेवटी सहा चेंडू वेगळे, पण वेगळा म्हणजे एकच प्रकार. आज स्लोअर वन (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) तर स्लोअर वनच. सात प्रकार येणारा आणि एकही सांगितल्यावर न पडणारा गोलंदाज प्रत्येक क्लबात एक तरी असतोच.

मोबाइल वापरा, पण बेताने. स्टँडवर, कंबरेच्या उंचीला, एकदा क्रीजच्या रेषेत बाजूने आणि एकदा पंचाच्या जागेमागून. स्लो मोशनमध्ये एका दिवशी एकच गोष्ट शोधा. मला विचाराल तर आधी बघावं ते मागचा पाय टेकतानाचं कंबर आणि खांद्यांचं तोंड. दोन्ही एका दिशेला असतील, आडवे असोत वा समोर, तर ठीक. कंबर समोर आणि खांदे आडवे असतील तर चेंडू सोडताना कंबरेला पीळ बसतो आणि वेगवान गोलंदाजांच्या पाठीची दुखणी बरीचशी इथून सुरू होतात. ही गोष्ट स्वतःच्या मनाने दुरुस्त करू नये, प्रशिक्षकाला चित्रण दाखवावं. हात कोपरात वाकून सरळ होतोय अशी शंका असेल तरी तेच. आयसीसीची मर्यादा १५ अंशांची आहे, पण ती मोजायला प्रयोगशाळा लागते, मोबाइल नव्हे.

वेग मोजायचा मोह सगळ्यांनाच असतो, तर तोही भागवून घ्या. सेकंदाला २४० चौकटींचं (फ्रेम्सचं) चित्रण करा, चेंडू हातातून सुटल्यापासून समोरच्या क्रीजवर पोचेपर्यंतच्या चौकटी मोजा. १४४ आल्या तर ०.६ सेकंद. १७.७ मीटरला ०.६ ने भागलं की सेकंदाला २९.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०६ किलोमीटर. हा सरासरी वेग झाला. हवेत आणि टप्प्यावर चेंडू मंदावतो, त्यामुळे टीव्हीवर दाखवतात तो हातातून सुटतानाचा वेग याहून जास्त असतो. महिन्यातून एकदा मोजावा आणि विसरावा.

फिरकीवाल्यांसाठी थोडं वेगळं

फिरकी गोलंदाजाला सराव करायला मैदान लागतच नाही, हा त्याचा मोठा फायदा. चेंडू दिवसभर हातात ठेवा. एका हातातून दुसऱ्या हातात बोटांनी फिरवत फेका, पलंगावर बसून छताकडे फिरवत उडवा. चेंडू हवेत गुणगुणल्यासारखा आवाज करायला लागला की समजावं, बोटं काम करताहेत. मग मित्राला दहा-बारा मीटरवर उभं करून, रन-अपशिवाय, फक्त फिरवून टाका. टप्प्याची काळजी नंतर. आधी अचूक टाकायला शिकवलेला आणि नंतर फिरवायला सांगितलेला मुलगा आयुष्यभर चेंडू ढकलत राहतो. वेगवान गोलंदाजाला मी दिलेला क्रम इथे उलटा करा.

उंची देण्याचा सराव दोरीवर होतो. खेळपट्टीच्या साधारण मध्यावर दोन बाजूंना बांबू रोवून, फलंदाजाच्या डोळ्यांच्या थोडी वर दोरी बांधा. चेंडू दोरीवरून जाऊन चार-पाच मीटरच्या चौकटीत पडायला हवा. दोरीवरून गेला पण फुलटॉस झाला, तर खांदा लावताय, मनगट नाही. दोरीखालून गेला तर फलंदाजाने मारण्याची धास्ती अजून गेलेली नाही, समोर फलंदाज नसतानासुद्धा.

मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि तरी भारतासाठी त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. नशिबाची गोष्ट बाजूला ठेवू. एकाच जागेवरून, एकाच सहज ॲक्शनने, वर्षानुवर्षं टाकत राहणं म्हणजे काय हे समजायला डावखुऱ्या फिरकीपटूंनी त्यांच्याबद्दल जुन्या मंडळींकडून जरूर ऐकावं.

किती टाकायचं

इथे पालकांशी बोलायचं आहे. मुलगा शाळेच्या संघात, क्लबात आणि अकादमीत, तिन्हीकडे टाकतो. तिन्ही सरांना वाटतं, आपण जास्त टाकून घेत नाही. एकूण बेरीज कुणीच करत नाही. ती बेरीज तुम्ही करा, सोसायटीच्या रविवारच्या सामन्यासकट, आणि वही तिन्ही सरांना दाखवा.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कुमार वेगवान गोलंदाजांसाठी आखलेल्या मर्यादा एक चांगला मापदंड आहेत: १३ वर्षांखालील मुलाने एका स्पेलमध्ये (एका दमात) ५ आणि दिवसात १० षटकं, १५ खालच्याने ६ आणि १२, १७ खालच्याने ७ आणि १८. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरांत सकाळ-संध्याकाळ याच्या दुप्पट टाकून घेतलेलं दिसतं. मुलं वाढीच्या वयात असतात, हाडं अजून पक्की झालेली नसतात.

एक लक्षण लक्षात ठेवा. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कंबरेच्या डाव्या बाजूला (डावखुऱ्याच्या उजव्या) दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवायची. मलम लावून, पट्टा बांधून पुढच्या सामन्याला उभं करायचं नाही. खेळाडूंवर उपचार करणाऱ्या अस्थितज्ज्ञाकडे जायचं. मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते आणि ती वेळीच कळली तर विश्रांतीने बहुधा भरून येते.

पैसे कशावर: पहिल्यांदा चेंडू

गोलंदाजी हा क्रिकेटमधला स्वस्त भाग आहे. बॅट, पॅड, ग्लोव्हज यांच्यावर हजारो रुपये घालणारा बाप चेंडूच्या वेळी ‘कुठलाही दे’ म्हणतो, ते बघून हसू येतं. गोलंदाजाचं हत्यार ते. पहिला खर्च चेंडूंवर, दुसरा बुटांवर, बाकी सगळं उरलेल्या पैशांत.

लेदरचा चेंडू, म्हणजे आपला सीझन, दोन प्रकारचा. दोन तुकड्यांचा स्वस्त असतो आणि त्याचा आकार लवकर बिघडतो. चार तुकड्यांच्या चेंडूत आत कॉर्कवर सूत गुंडाळलेलं असतं, तो आकार टिकवतो आणि सामन्यांत तोच वापरतात. भारतातल्या कसोटी आणि रणजी सामन्यांत मेरठच्या एसजी कंपनीचा चेंडू असतो. त्याची शिवण हाताने घातलेली आणि चांगली उंच. कूकाबुराच्या शिवणीच्या आतल्या दोन ओळी हाताच्या आणि बाहेरच्या यंत्राच्या, त्यामुळे ती लवकर बसते. इंग्लंडचा ड्यूक हाताने शिवलेला, त्याची शिवण आणि चकाकी बराच वेळ टिकते. तुम्ही ज्या स्पर्धेत खेळता तिथे जो चेंडू मिळतो, तोच सरावाला घ्या. उंच शिवणीवर शिकलेलं बसक्या शिवणीवर जसंच्या तसं चालत नाही.

दुकानात चेंडू घेताना छापलेल्या नावावर जाऊ नका. आधी तोला, किराणा दुकानातला काटाही चालतो. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१, १३ वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४. मुलीला किंवा लहान मुलाला मोठा चेंडू देऊन ‘हात तयार होईल’ म्हणणारे असतात. त्यांचं ऐकू नका. बोटं शिवणीवर पोचत नाहीत आणि पकड चुकीची बसते. मग चेंडू शिवण उभी ठेवून अंगठा आणि बोटांनी हवेत फिरवा. शिवण एका रेघेत फिरली तर ठीक, डगमगली तर आकार वाकडा आहे, दुसरा मागा. शिवणीवरून अंगठा फिरवा, टाके एकसारखे हवेत. लाखेचा फार जाड, काचेसारखा थर असेल तर तो सोलून निघतो आणि घासून चकाकी आणायला खाली काही उरत नाही.

चांगला चेंडू सिमेंटवर किंवा मॅटवर वापरू नका, एका संध्याकाळीत त्याची वाट लागते. माझ्या मते योग्य साठा असा: सामन्याच्या दर्जाचे दोन, एक कोरा आणि एक वीस-पंचवीस षटकं झालेला, आणि जुन्यांची एक बादली, दहा-बारा तरी. क्लबातले टाकून दिलेले मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. बादलीभर चेंडू असले की चौकटीवर एकट्याने टाकता येतं, प्रत्येक वेळी आणायला पळावं लागत नाही. प्रत्येक चेंडूवर मार्करने खूण करा: नवा, मधला, जुना. कोऱ्याने फक्त शिवणीचा आणि स्विंगचा सराव, आठवड्यातून एकदा, काही षटकं. चकाकी एकाच बाजूची जपा, घामाने आणि कापडाने. थुंकी लावायची सवय असेल तर सरावातच मोडा, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ती २०२० पासून बंद आहे.

निम्मा लाल, निम्मा पांढरा असा दोन रंगांचा चेंडू मिळाला तर एक जरूर घ्या. रंग सरळ दिसत गेले तर शिवण उभी आहे, दोन्ही मिसळून भिरभिरले तर मनगट तिरकं झालंय. समोरच्या माणसाला विचारायचीही गरज नाही. मिळाला नाही तर जुन्या चेंडूच्या एका बाजूला पांढरा ऑइलपेंट लावा.

टेनिस बॉल? त्यावर यॉर्कर, हात लपवणं, हळू चेंडू शिकता येतो, आणि गावोगावच्या हार्ड टेनिस स्पर्धांतून चांगले गोलंदाज पुढे येतात हेही खरं. पण त्याला शिवणच नाही आणि हलका असल्याने खांद्याने झटका मारायची सवय लागते. लेदरचा सामना चार दिवसांवर असताना टेनिसला हात लावू नये.

पावसाळ्यात चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत राहिले की कोकण-मुंबईच्या हवेत आठवड्यात बुरशी धरतात. कापडी पिशवीत, हवा लागेल असे ठेवा. भिजलेला चेंडू टॉवेलने टिपून सावलीत वाळवायचा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर चामडं कडक होऊन तडकतं. भर पावसाचे महिने रबरी किंवा सिंथेटिक चेंडूवर काढा. मात्र दोन-तीन जुने लेदर मुद्दाम पाण्यात बुडवून त्यावरही टाका. मुंबईची कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाते आणि रात्रीच्या सामन्यात दव पडतं. ओल्या चेंडूची पकड ऐन वेळी शिकता येत नाही.

बूट आणि बाकीचं

बूट जमिनीप्रमाणे. टर्फवर वेगवान गोलंदाजाला पूर्ण खिळ्यांचे, मध्यमगती आणि फिरकीला पुढे खिळे आणि टाचेला रबर असले तरी चालतात. मॅट आणि सिमेंटवर फक्त रबरी स्टडचे. खिळ्यांनी मॅट फाटते आणि सिमेंटवर माणूस घसरतो. जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट नकोत, चेंडू सोडताना घोटा त्यात लचकतो. बूट संध्याकाळी, मोजे घालून घ्या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढच्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकाला लागायला नको, नाहीतर मोसमभर नख काळं राहील. मागचा पाय फरफटत असेल तर चांभाराकडून बुटाच्या पुढच्या बाजूला जादा चामडं लावून घ्या.

स्प्रिंगच्या बेसवरचा एक स्टंप घ्या, सिमेंटवरही उभा राहतो. मागे जाळी हवी. किनाऱ्याकडच्या गावांत मासेमारीची जाड नायलॉन जाळी मिळते, तीही चालते, फक्त भोकं पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. चेंडूचा व्यास सातच्या थोडा वर असतो.

जड चेंडू, वेगाचं मशीन, मनगटाला बांधायची यंत्रं यांच्या जाहिराती बघून हात शिवशिवतात. तज्ज्ञ देखरेखीशिवाय जड चेंडूने पूर्ण जोरात टाकणं खांद्याला महाग पडतं, बाकीच्या वस्तू महिन्यात माळ्यावर जातात. किटही शक्यतो एका बॅगेत मावेल एवढंच ठेवा. पालघरचा शार्दूल ठाकूर किटबॅग घेऊन लोकलने मुंबईला सरावाला येत असे. गर्दीच्या डब्यात ज्याने बॅग वर टाकली आहे त्याला वजनाचा हिशेब सांगावा लागत नाही.

आता फलंदाज बोलवा

चौकटीवर निम्म्याहून जास्त गुण यायला लागले की नेटमध्ये जा, पण अटी घालून. एका नेटला चारच गोलंदाज. प्रत्येकाने सलग सहा चेंडू टाकायचे, एकेक आळीपाळीने नाही. षटक म्हणजे काय हे एकेक चेंडू टाकून कधीच कळत नाही. मोकळा गोलंदाज क्रीजवर पंच म्हणून उभा राहील आणि नो-बॉल मोठ्याने देईल. षटकाआधी फिल्ड जाहीर करायची: ‘दोन स्लिप, पॉइंट, मिडऑफ वर, डीप स्क्वेअर.’ फलंदाजाने मारलेला चेंडू त्या फिल्डमध्ये कुठे गेला असता यावर धावा मोजायच्या, भांडण झालं तर होऊ द्या.

मग प्रसंग द्या. शेवटची दोन षटकं, अठरा धावा हव्यात. किंवा नवा चेंडू, पहिली तीन षटकं, चौकार गेला की फलंदाज जिंकला. बाद झालेला फलंदाज नेटमधून बाहेर जाईल, ‘अजून एक’ म्हणणार नाही, यावर ठाम राहा. नाहीतर बळीला किंमत उरत नाही.

सत्र संपल्यावर फलंदाजाला दोनच प्रश्न विचारा: कुठला चेंडू हातातून सुटताना कळला नाही, आणि कुठला आधीच कळला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या स्लोअर वनबद्दल असतं. तो टाकायच्या आधी तुमची बोटं चेंडूवर फार लवकर सरकतात, किंवा धावताना डोकं खाली जातं. ते उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या वेळी शेवटचे सहा चेंडू त्यावरच घालवा.